रणभूमी कोणाच्या हवाली?



भारतीय लष्करात आजही दोन हुद्दे असे आहेत, की त्यांची नावे घेताना मराठी माणसाला परभाषेत शिरावे लागत नाही. नाईक आणि हवालदार. सव्वातीनशे वर्षांपूर्वी सभासदाने शिवाजी महाराजांच्या बखरीत हे हुद्दे नोंदवले, आणि आज लडाखच्या ठाण्यावर तेच चालतात. त्यातल्या हवालदार या शब्दापाशी मला आज थांबायचे आहे. ज्याच्या हवाली काही केले आहे तो हवालदार. काही म्हणजे काय? पंचवीस घोडी असतील, एखाद्या किल्ल्याचा दरवाजा असेल, ओढ्यापासून टेकडीपर्यंतची जमीन असेल. या हुद्द्याचे नाव पराक्रमावरून पडलेले नाही, जबाबदारीवरून पडले आहे. सेनापतीचे अर्धे काम या एका शब्दात आले, असे मी मानतो.

लढाईचा इतिहास आपण बहुतेक वेळा शौर्याचा म्हणून वाचतो. कोण लढला, कोण पडला, कोणी झेंडा रोवला. ते वाचायलाच हवे. पण त्या सगळ्याच्या आधी, गोळी सुटण्यापूर्वी कधी कित्येक महिने, कोणी तरी नकाशासमोर बसून वाटणी केलेली असते. ही पलटण याच्याकडे, ती त्याच्याकडे. या नदीपर्यंत तू, पलीकडे तो. तोफा याच्या हुकमतीखाली, त्याला फक्त मदतीला. एवढे सैन्य मी माझ्या हाती ठेवतो. ही वाटणी चुकली तर खालच्या माणसांना ती रक्ताने भरून काढावी लागते. आजचे व्याख्यान या वाटणीविषयी आहे, आणि त्यासाठी मी १९७१ च्या डिसेंबरमधल्या भारत-पाकिस्तान युद्धाची पूर्व आघाडी निवडली आहे. ती आपल्या डोळ्यांसमोर घडली आणि दोन्ही बाजूंच्या सेनापतींनी तिच्याविषयी भरपूर लिहून ठेवले. शिवाय त्या आघाडीच्या नकाशावर एक विलक्षण गोष्ट आहे. तिच्याकडे मी हळूहळू येतो.

आधी सभासदाकडे थोडे परत जाऊ. शिवाजी महाराजांच्या घोडदळात पंचवीस बारगीरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सगळ्यांवर सरनोबत. ही उतरंड शाळेत आपण पाठ करतो. पण त्याच नोंदीत एक तपशील आहे जो आपण सहज ओलांडून जातो. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी देणारा आणि नाल ठोकणारा. म्हणजे हवालदाराच्या हाती नुसती घोडी दिलेली नाहीत. ती घोडी चालती ठेवण्याचे साधनही त्याच्याच हाती दिलेले आहे. पाण्यासाठी त्याला पंचहजाऱ्याकडे माणूस धाडावा लागत नाही. एखाद्यावर जबाबदारी टाकायची आणि ती पार पाडण्याचे साधन मात्र दुसऱ्याच्या ताब्यात ठेवायचे, ही चूक पुढे जगभरच्या मोठमोठ्या सैन्यांनी केली. सतराव्या शतकातल्या या व्यवस्थेने निदान पाणी आणि नाल यांच्या बाबतीत ती केली नाही.

किल्ल्यावर तत्त्व तेच, मांडणी उलटी. तिथे हवालदार, सरनोबत आणि सबनीस अशी तीन माणसे. घोडदळात एका हाती सगळे दिले, कारण तिथे वेग हवा. किल्ल्यावर तिघांत वाटले, कारण तिथे धोका फितुरीचा. जबाबदारी एकवटायची की वाटायची, हे ठरवताना समोरचा धोका कोणता, हे आधी पाहायला लागते.

आता १९७१.

तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. हा सपाट, पाणथळ मुलूख आहे आणि त्याला तीन बाजूंनी भारत आहे. तीन प्रचंड नद्या त्याला कापतात. पश्चिमेकडून गंगा येते, तिला तिथे पद्मा म्हणतात. उत्तरेकडून ब्रह्मपुत्रा येते, तिच्या मुख्य प्रवाहाचे नाव तिथे जमुना. ईशान्येकडून मेघना. या तिन्ही पुढे एकमेकींना मिळतात आणि समुद्राला जातात. त्यामुळे मुलखाचे आपोआप चार तुकडे पडतात. पद्मेच्या दक्षिणेचा नैर्ऋत्य भाग, त्यात जेसोर आणि खुलना. पद्मा आणि जमुना यांच्यामधला वायव्य भाग, त्यात हिली, बोगरा, रंगपूर. मेघनेच्या पूर्वेचा भाग, त्यात सिल्हेट, कोमिला, चितगाव. आणि जमुना व मेघना यांच्या मधोमध सापडलेला चौथा तुकडा. उत्तरेला मेघालयाचे डोंगर, मग जमालपूर, मयमनसिंग, टांगाइल आणि दक्षिण टोकाला ढाका.

दोन सैन्यदलांमधली हद्द कुठे आखायची, याला एक साधा नियम आहे. ती जमिनीवर, अंधारातही ओळखता आली पाहिजे आणि तिच्यावरून दोघांना वाद घालायची वेळ येऊ नये. रस्ता हद्दीसाठी वाईट, कारण रस्ता दोघांनाही लागतो. एकाच पुलावर दोन डिव्हिजनांच्या गाड्या आल्या तर आधी कोण, हे ठरवायला कोणीच नसते. डोंगराची धारही वाईट. धारेवर दोघांचेही डोळे असतात आणि रक्षण मात्र दोघेही एकमेकांवर सोडतात. हद्दीच्या पलीकडे तोफ डागायची तर शेजाऱ्याला विचारावे लागते, कारण तिथे त्याची माणसे असू शकतात. म्हणून शत्रूला नेहमी दोन दलांमधली शिवण सापडायला हवी असते. तिथे प्रत्येकाला वाटते, हे दुसऱ्याचे. शेताच्या बांधावरून ज्यांच्या घरात भांडणे झाली आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पूर्व बंगालात नद्या इतक्या रुंद होत्या, की हद्द कुठे आखायची हा प्रश्नच उरला नाही. लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्या पूर्व विभागाचे मुख्यालय कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये होते आणि मेजर जनरल जे. एफ. आर. जेकब त्यांचे चीफ ऑफ स्टाफ होते. त्यांनी या चार तुकड्यांवर चार दले नेमली. नैर्ऋत्येला लेफ्टनंट जनरल टी. एन. रैना यांची नव्याने उभी केलेली २ कोर, मुख्यालय कृष्णनगर, हाताखाली ९ इन्फंट्री डिव्हिजन आणि ४ माउंटन डिव्हिजन. वायव्येला लेफ्टनंट जनरल एम. एल. थापन यांची ३३ कोर. तिच्याकडे चीनच्या सीमेचे कामही तसेच राहिले. एक डोळा हिलीकडे आणि एक सिक्कीमकडे ठेवून तिला लढायचे होते. पूर्वेला लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांची ४ कोर. तिच्याकडे ८, २३ आणि ५७ अशा तीन माउंटन डिव्हिजन. तिचा दारूगोळा व रसद त्रिपुरात न्यायची होती, आणि रेल्वे होती धर्मनगरपर्यंतच. पुढे आगरतळ्याकडे डोंगरांतला रस्ता. तो साठा कित्येक महिने वाहून नेला गेला. या युद्धाविषयी बोलताना त्या ट्रकचालकांची आठवण कोणी काढत नाही. मला ती काढावीशी वाटते.

आणि चौथा तुकडा, ज्यात ढाका आहे? तिथे कोर नव्हती. डिव्हिजनही नव्हती. तिथे होता १०१ कम्युनिकेशन झोन एरिया. या लांबलचक नावाचा अर्थ असा, की हे मुळात लढणारे मुख्यालय नव्हते. रसद, रस्ते, छावण्या यांची व्यवस्था बघणारे शिलाँगचे स्थिर मुख्यालय होते. त्याच्या हाताखाली ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांची ९५ माउंटन ब्रिगेड दिली. तिच्या डाव्या अंगाला ब्रिगेडियर संतसिंग यांचे छोटे दल, त्यात मुक्तिवाहिनीचे, म्हणजे बंगाली स्वातंत्र्यसैनिकांच्या दलाचे, लोक. नेतृत्व मेजर जनरल गुरबक्षसिंग गिल यांचे.

मघाशी म्हटलेली विलक्षण गोष्ट ती हीच. ढाक्याला जाताना कोणतीही महानदी ओलांडावी न लागणारी एकच दिशा होती, ती उत्तरेची. आणि सगळ्यांत लहान, सगळ्यांत कमी तोफांचे, लढाईसाठी न घडवलेले दल नेमके त्याच दिशेला ठेवले होते.

याला कारणे होती. मेघालयातून खाली उतरणारे रस्ते कच्चे आणि थोडे. तिथे मोठे सैन्य पोसणे अवघड होते. पण खरे कारण त्याहून खोल आहे, आणि त्यावर सेनानींमध्ये अजून मतभेद आहेत. ऑगस्ट १९७१ मध्ये लष्कर मुख्यालयातून निघालेल्या आदेशात भर होता चितगाव आणि खुलना या बंदरांवर, आणि शक्य तितका मुलूख ताब्यात घेण्यावर. ढाका हे अंतिम लक्ष्य म्हणून कोणाच्याही हवाली केले गेले नव्हते. ‘सरेंडर ॲट ढाका’ या पुस्तकात जेकब यांनी आग्रहाने लिहिले आहे, की ढाका हाच सगळ्याचा गाभा आहे हे आपण आरंभापासून मांडत होतो आणि वरिष्ठांना ते पटत नव्हते. आपल्या भूमिकेला त्यांनी थोडा जास्त उजेड दिला असेल. आठवणींच्या पुस्तकात तसे होते. पण वाटणीचा नकाशाच त्यांच्या बाजूने साक्ष देतो. राजधानी ज्या तुकड्यात आहे, त्या तुकड्यात मुख्य दल नाही. जिथे लक्ष्य ठरत नाही तिथे सैन्यही जात नाही.

या आदेशाचा परिणाम २ कोरच्या वाटचालीत स्पष्ट दिसतो. तिच्याकडे दोन पूर्ण डिव्हिजन होत्या, रणगाडे होते, पूल बांधायचे सामान होते. ७ डिसेंबरला ९ डिव्हिजन जेसोरमध्ये शिरली तेव्हा तो बालेकिल्ला रिकामा होता, पाकिस्तानी सैन्य निघून गेले होते. पुढे काय? आदेशात खुलना होते, म्हणून डिव्हिजन दक्षिणेकडे वळली आणि युद्धाच्या शेवटपर्यंत त्याच रस्त्यावर अडकून राहिली. ४ डिव्हिजन ८ तारखेला मागुऱ्याला होती, समोर मधुमती नदी आणि त्यापलीकडे फरीदपूरचा रस्ता. इतक्यात ९ तारखेला कुष्टियाजवळ तिच्या एका तुकडीवर घात झाला. डिव्हिजन मागे उत्तरेला कुष्टियाकडे फिरली, आणि तिथे पोचेपर्यंत शत्रू नदीपार गेला होता. दोन्ही डिव्हिजनांची पाठ ढाक्याकडे झाली. तिथल्या जवानांच्या धैर्यात काही कमी होते असे कोणी म्हणू नये. पण एका दलाच्या हवाली दोन शहरे केली, आणि त्या शहरांनंतर काय हे सांगितले नाही, तर ते दल त्या शहरांभोवतीच फिरत राहते.

आता पूर्वेकडे, सगतसिंगांकडे. त्यांच्या हद्दीची शेवटची रेघ होती मेघना. पूर्व किनाऱ्यापर्यंतचा मुलूख त्यांचा, पुढचा नाही. ९ डिसेंबरला मेजर जनरल बी. एफ. गोन्साल्विस यांची ५७ डिव्हिजन आशुगंजला नदीपाशी आली आणि पाकिस्तान्यांनी समोरचा मोठा रेल्वे पूल उडवून दिला. नेमून दिलेले काम तिथे संपत होते. सगतसिंगांनी ते संपले असे मानले नाही. ग्रुप कॅप्टन चंदनसिंग यांची एमआय-४ हेलिकॉप्टरे त्यांच्या हाती होती. हीच हेलिकॉप्टरे ७ तारखेला गोरखा पलटणीला सिल्हेटजवळ उतरवून आली होती. ९ च्या रात्रीपासून त्यांनी ४ गार्ड्सच्या जवानांना मेघनेच्या पलीकडे रायपुऱ्याला उतरवायला सुरुवात केली. पुलाचे सामान नव्हते. तोफा, दारूगोळा, माणसे गावकऱ्यांच्या होड्यांतून पार झाली. पोहू शकणारे पीटी-७६ रणगाडे इतक्या रुंद पात्रात तापून बंद पडू लागले, तेव्हा त्यांना होड्यांनी ओढले. पलीकडच्या काठावर बंगाली शेतकऱ्यांनी आणि रिक्षावाल्यांनी ओझी उचलली. नरसिंगदी हाती आली आणि पूर्वेकडून ढाक्याचा रस्ता उघडला.

वरिष्ठांनी आखलेली रेघ ओलांडणे ही शिस्तीची बाब आहे, हे मी विसरत नाही. प्रत्येक कोर कमांडर मनाला येईल तिथे जाऊ लागला तर युद्ध चालणार नाही. मग सगतसिंगांना आपण का वाखाणावे? कारण त्यांनी आपल्या वाट्याचे काही उघडे टाकले नाही. सिल्हेटवर ८ डिव्हिजन होती. चांदपूरकडे २३ डिव्हिजन गेली, ते नदीबंदर पडले. चितगावच्या बाजूला किलो फोर्स होते. हवाली केलेले सगळे त्यांनी सांभाळले आणि मगच पलीकडे पाऊल टाकले. आणि टाकले तेव्हा त्याचा दोष स्वतःच्या शिरावर घ्यायची तयारी ठेवून टाकले. नेमून दिलेले काम सोडून पुढे पळणारा सरदार आणि ते पुरे करून पुढे जाणारा सरदार यांत फरक आहे.

मराठी श्रोत्यांना इथे पानिपत आठवल्याशिवाय राहणार नाही. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी डाव्या अंगाला इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटणे, त्यांच्या लगत दमाजी गायकवाड आणि विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांचे घोडदळ, मध्ये हुजुरात घेऊन भाऊसाहेब आणि विश्वासराव, उजव्या टोकाकडे जनकोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर. बंदुकीचे पायदळ आणि धावते घोडदळ यांना एका रांगेत बांधणे ही नवी रीत होती. तिच्यात प्रत्येकाने आपली जागा राखली तरच ती चालते. घोडदळ पायदळाच्या पुढे गेले की पायदळाच्या बंदुका मुक्या होतात, कारण समोर आपलीच माणसे येतात. त्र्यं. शं. शेजवलकरांनी ‘पानिपत : १७६१’ मध्ये या रचनेचा कस लावून विचार केला आहे, तो प्रत्येकाने वाचावा. मला आज एकच मुद्दा घ्यायचा आहे. दुपारनंतर अब्दालीकडे पाठवायला ताजी माणसे होती. भाऊसाहेबांकडे नव्हती. सगळे सैन्य सकाळपासून रांगेत लागलेले होते आणि सेनापती स्वतः त्याच रांगेत लढत होता. त्या दिवशी मराठ्यांनी जे शौर्य दाखवले त्याला जोड नाही. पण राखीव दल ही शौर्याने भरून निघणारी जागा नव्हे.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण दोनशे दहा वर्षांनी पूर्व बंगालात हीच उणीव पाकिस्तानी सेनापती लेफ्टनंट जनरल नियाझी यांच्या आराखड्यात दिसते. नियाझींकडे सुरुवातीला तीन डिव्हिजन होत्या. वायव्येला १६, जेसोरला ९, पूर्वेला १४. सीमेलगतच्या शहरांचे त्यांनी बालेकिल्ले केले आणि तीन चतुर्थांश माणसे कामी आल्याशिवाय माघार घ्यायची नाही, असा हुकूम दिला. डिव्हिजन अपुऱ्या पडल्या म्हणून त्यांनी ऐन वेळी कागदावर दोन नव्या उभ्या केल्या. चांदपूरला ३९ आणि ढाक्याला ३६. मुख्यालयाचे नाव दिले, मेजर जनरल नेमले, पण दळणवळण, तोफा, कर्मचारी कुठून आणणार? जबाबदारी दिली आणि नालबंद दिला नाही. ढाक्यासाठी राखलेली ब्रिगेडही युद्धाआधी फेणी-लक्षामकडे रवाना झाली. म्हणजे सगळे सैन्य कडेला आणि मध्यभागी पोकळी. पराभवानंतर पाकिस्तानने नेमलेल्या हमुदूर रहमान आयोगाने या बालेकिल्ल्यांच्या कल्पनेवर आणि ढाक्याच्या उघडेपणावर कठोर ताशेरे ओढले.

आपल्या बाजूलाही राखीव दलावरून ओढाताण झालीच. ६ माउंटन डिव्हिजन उत्तर बंगालात होती, पण भूतानच्या बाजूने चीनकडून काही होईल म्हणून दिल्लीने ती आपल्या हाती ठेवली. चीनच्या सीमेवरच्या ब्रिगेड दक्षिणेला आणल्यावरून लष्करप्रमुख माणेकशा आपल्यावर संतापले होते, असे जेकब लिहितात. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, एवढे सैन्य का अडकवले? पण वरिष्ठाने हातात काही तरी ठेवायलाच हवे. ते कुठे ठेवायचे आणि कधी सोडायचे, यावर वाद घालता येतो. काहीच हातात न ठेवणे मात्र नियाझींच्या मार्गाने नेते.

आता त्या चौथ्या, दुर्लक्षित तुकड्याकडे वळतो.

४ डिसेंबरला कमालपूरचे ठाणे पडले. लगेच दुसऱ्या दिवशी सुरुंगावर गाडी गेली आणि जनरल गिल जखमी झाले. त्यांची जागा मेजर जनरल गंधर्व नागरा यांनी घेतली. लढाईच्या मध्यावर सेनापती बदलला आणि तरी दल थांबले नाही, याचे श्रेय क्लेर यांना आणि त्यांच्या पलटणींना. यातली एक पलटण आपल्या ओळखीची होती. १ मराठा लाइट इन्फंट्री. १७६८ मध्ये मुंबईत उभी राहिलेली, जंगी पलटण म्हणून गाजलेली. तिचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार करत होते.

जमालपूर जुन्या ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण काठावर आहे आणि तिथे ३१ बलुच ठाण मांडून होती. क्लेर यांनी समोरून धडक दिली नाही. नदी बाजूने ओलांडून त्यांनी पलटणी शहराच्या मागे, ढाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणून बसवल्या. शरण येण्यासाठी त्यांनी बलुच पलटणीच्या लेफ्टनंट कर्नल सुलतान यांना पत्र पाठवले. उत्तर आले, आणि त्यासोबत गुंडाळलेली बंदुकीची एक गोळी आली. १० च्या रात्री बलुच पलटण शहरातून बाहेर पडून ढाक्याकडे निघाली ती थेट रस्ता अडवून बसलेल्या मराठ्यांवर आणि गार्ड्सवर येऊन आदळली. सकाळी जमालपूर आपल्याकडे होते. १ मराठाच्या रणसन्मानांत जमालपूर हे नाव तेव्हापासून आहे.

याच वेळी पाकिस्तानची ९३ ब्रिगेड मयमनसिंगहून ढाक्याकडे माघार घेत होती. ती तिथे पोचली असती तर राजधानीच्या रक्षणाला निदान काही सैन्य मिळाले असते. ११ डिसेंबरच्या दुपारी टांगाइलजवळ आकाशातून छत्र्या उतरल्या. लेफ्टनंट कर्नल के. एस. पन्नू यांची २ पॅरा. त्यांचे काम नेमके होते. लोहाजंग नदीवरचा पूंगलीचा पूल घ्यायचा आणि उत्तरेकडून येणाऱ्या शत्रूचा रस्ता तोडायचा. पन्नूंना मुलूख दिला नव्हता, वेळ आणि जागा दिली होती. किती वाजता, कोणता पूल, कोणाची वाट पाहायची. इतके स्पष्ट काम हाती असले की माणसे अनोळखी शेतात, विखुरलेल्या सामानासह उतरूनही ते करतात. आणि खाली कादर सिद्दिकींचे मुक्तियोद्धे त्यांची वाट पाहत होते.

२ पॅरा ही मुळात कोणती पलटण? १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाण्यापूर्वी ती तिसरी मराठा होती. जमालपूरकडून रस्त्याने आलेली १ मराठा आणि आकाशातून उतरलेली ही जुनी मराठा पलटण टांगाइलच्या परिसरात एकमेकींना मिळाल्या. पुढे दोघी मिळून दक्षिणेला निघाल्या. १६ डिसेंबरच्या सकाळी ढाक्याच्या वेशीवर मीरपूरच्या पुलाशी २ पॅराचे जवान होते. तिथूनच जनरल नागरांनी नियाझींना चिठ्ठी पाठवली. त्याच दुपारी रमणा मैदानावर शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या.

या युद्धाचा गौरव करताना आपण अनेकदा म्हणतो, की आराखडा निर्दोष होता. मी तसे म्हणणार नाही. आराखड्यात ढाका कोणाच्याच वाट्याला नव्हते. उत्तरेचा सरळ रस्ता सर्वांत दुबळ्या दलाकडे होता. सर्वांत सामग्रीसंपन्न दल राजधानीकडे पाठ करून उभे राहिले. आणि तरीही चौदा दिवसांत हे सगळे सावरले गेले. मेघनेची रेघ पार करण्याचे धाडस एका कोर कमांडरने दाखवले. उत्तरेच्या दलाला छत्रीधारी पलटण द्यायची आणि ती त्याच्या रस्त्यावर उतरवायची, हे फोर्ट विल्यमने आधीच आखले होते. हवाई दलाने तेजगाव आणि कुर्मिटोलाच्या धावपट्ट्या पहिल्या तीन-चार दिवसांतच निकामी केल्या, ‘विक्रांत’च्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारला शत्रूची जहाजे अडवली. वाटणीत चूक झाली तरी ती दुरुस्त करायला हाती काही तरी उरले होते, आणि दुरुस्ती करणाऱ्याचा हात कोणी धरला नाही. नियाझींच्या बाजूला या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

शेवटी एक विनंती. त्या डिसेंबरमध्ये जमालपूरच्या रस्त्यावर, पूंगलीच्या पुलावर, हिलीच्या शेतांत आणि मेघनेच्या काठावर जे जवान होते, ते आज सत्तरीच्या पुढे आहेत. साताऱ्यात, कोल्हापुरात, सांगलीत, रत्नागिरीत, बेळगावात, तुमच्याआमच्या नात्यात ते आहेत. १६ डिसेंबरला आपण त्यांचा सत्कार करतो, शाल देतो, आणि काय पराक्रम केलात ते सांगा म्हणतो. पराक्रमावर हे लोक सहसा बोलत नाहीत. त्यांना दुसरे प्रश्न विचारा. तुमच्या पलटणीला कुठून कुठपर्यंत नेमले होते? डाव्या अंगाला कोण होते, उजव्या अंगाला कोण? पाणी कोण आणत होते, गोळे कुठून येत होते? रात्री हुकूम कोणाकडून आला? यावर ते तासभर बोलतील. मातीत रेघा ओढून दाखवतील. ते सगळे तारखेसह, गावांच्या नावांसह वहीत लिहून घ्या आणि जपून ठेवा. सेनापतींची पुस्तके कपाटात आहेत. नाईक आणि हवालदार यांचा नकाशा अजून कोणी लिहिलेला नाही, आणि त्याला आता फार थोडी वर्षे उरली आहेत.